वाक्याच्या टोकाचा 'आफ'

हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत तिला सगळेच मावशी म्हणत. धुणाऱ्या बायका म्हणत, वॉर्डातून गाठोडी घेऊन येणारे म्हणत, आणि वयाने तिच्याहून चार वर्षं मोठा असलेला बॉयलरवालाही म्हणे. तळघरातल्या त्या लांबलचक खोलीत तिचं काम इस्त्रीच्या रोलरवर. ओल्या चादरीची दोन टोकं दोघींनी धरायची, झटकायची आणि तापलेल्या रोलरच्या तोंडात सरळ सोडायची. पलीकडून ती कडक होऊन बाहेर येते. जरा तिरकी गेली की चुणी पडते, मग पाणी मारा आणि पुन्हा पहिल्यापासून. मावशीच्या हातून सत्तावीस वर्षांत चुणी फारशी पडली नाही. बोलणं बेताचं, हसणं मनापासून. लग्न केलेलं नव्हतं. कुणी विचारलंच तर "राहून गेलं" म्हणायची आणि पुढची चादर उचलायची.

लग्न राहून गेलं होतं, पण मूल झालं होतं. बाविसाव्या वर्षी. ज्याच्यापासून झालं त्याने गाव बदललं, आणि थोरल्या भावाने तिला एका संस्थेत नेऊन ठेवलं. मुलगी जन्मली, अकरा दिवस तिच्या कुशीत झोपली आणि बाराव्या सकाळी एक डच जोडपं येऊन तिला घेऊन गेलं. कागदावर सही भावाने करायला लावली. त्याने बोट ठेवलं, तिने तिथे नाव लिहिलं. गाडी आली तेव्हा मेट्रनबाई म्हणाल्या, "जवळ येऊ नकोस, तुलाच त्रास होईल. लांब उभी राहा." म्हणून ती फाटकापाशी, पाण्याच्या टाकीला टेकून उभी राहिली. गाडी वळून दिसेनाशी झाली तरी उभीच होती. शेवटी माळीण येऊन तिला आत घेऊन गेली.

ही गोष्ट तिने कुणाला सांगितली नाही. भाऊ गेला, मेट्रनबाई गेल्या, संस्थाही बंद पडली. उरलं होतं एक ऑफिस, पहिल्या मजल्यावर भाड्याच्या दोन खोल्यांत, आणि त्यात फायली सांभाळणारी एक क्लार्कबाई. मावशी पन्नाशीला पोचली त्या वर्षी त्या ऑफिसातून बोलावणं आलं.

क्लार्कबाई स्वभावाने वाईट नव्हती. तिने खुर्ची दिली, पाणी दिलं आणि म्हणाली, "तुमच्या मुलीचं पत्र आलंय. आम्ही भाषांतर करून घेतलंय. वाचू का?"

मावशीने मान हलवली, आणि ती मोठ्याने वाचायला लागली. मी अठ्ठावीस वर्षांची आहे, मी बरी आहे, मला तुमच्याबद्दल जाणून घ्यायचं आहे. शेजारच्या टेबलावर एक गृहस्थ डबा खात होते. त्यांचा हात थांबला. दारात फॉर्म घ्यायला आलेली दोन माणसं गप्प उभी राहून ऐकत होती. मावशीला वाटलं, चारचौघांत कुणी आपला पदर ओढतंय. ज्या शब्दांसाठी अठ्ठावीस वर्षं काढली ते पहिल्यांदा ऐकताना तिचं सगळं लक्ष त्या डबा खाणाऱ्याकडे.

वाचून झाल्यावर ती म्हणाली, "पुढचं पत्र सरळ माझ्या घरी येऊ दे. भाषांतर नको."

"पण ती डचमध्येच लिहिते हो. तुम्हाला वाचता येतं?"

"येतं," मावशी म्हणाली.

का म्हणाली ते तिला नंतरही नीट सांगता आलं नाही. मधे कुणी नको होतं, एवढंच. क्लार्कबाईने चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं आणि फायलीत एक ओळ लिहिली: आईला डच वाचता येते. ती ओळ ऑफिसच्या उत्तरासोबत तिकडे गेली.

मावशी राहायची त्या इमारतीत तळमजल्याला एक म्हातारे गृहस्थ होते. सगळी गल्ली त्यांना कप्तान म्हणायची. जहाज त्यांनी कधी चालवलं नव्हतं. गाळ उपसणाऱ्या एका डच कंपनीच्या बोटींवर त्यांनी बावीस वर्षं स्वयंपाक केला होता. पण कप्तान म्हटलं की ते खूश होत, आणि लोकांचंही काही जात नव्हतं. मावशी त्यांना काका म्हणायची. ऑफिसातून परतताना ती थेट त्यांच्या दारात जाऊन उभी राहिली.

"काका, मला डच शिकवाल?"

"कशाला गं? बोटीवर चढतेस की काय?"

ती दारातच उभी राहून सगळं बोलली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा, आणि तेही पाच वाक्यांत. काकांनी ऐकून घेतलं, मग खुर्चीवरची वर्तमानपत्रं उचलून तिला बसायला जागा केली.

"हे बघ, मला बोलता येतं ते भांड्याकुंड्यांपुरतं. व्याकरण माझ्या बापजन्मी कुणी शिकवलं नाही. पण एक पुस्तक आहे." त्यांनी ट्रंकेतून एक पातळ पुस्तक काढलं. बोटीवर कामाला येणाऱ्या आपल्याकडच्या माणसांना कंपनीने वाटलेलं. रोजची वाक्यं, थोडं व्याकरण आणि मागे शब्दांची यादी. पानांना तेलाचे डाग होते.

पुढचे आठ महिने दुपारची पाळी सुटली की ती तासभर काकांकडे बसायची. तिचं पहिलं वाक्य होतं 'इक स्ट्रैक लाकन्स', मी चादरींना इस्त्री करते. ते तिने रोलरच्या तालावर इतकं घोकलं की समोरची जोडीदारीण म्हणाली, "मावशी, हा कसला मंत्र?"

काका शिकवायचे ते गोष्टीतून. "सगळ्यात आधी 'नीट' शिक. नीट म्हणजे नाही. मी नवा होतो, तेव्हा वरचा आचारी ओरडायचा, नीट दून. मला वाटायचं नीट कर म्हणतोय. तो म्हणत होता करू नकोस, आणि मी आपला आणखी काळजीपूर्वक मीठ घालतोय."

मावशी तोंडावर हात ठेवून हसली होती.

"आणि तुझ्या कामाचा शब्द ऐक. धुणं म्हणजे 'वास'."

"ते बरोबरच आहे त्यांचं. आमच्या खोलीत येऊन बघा एकदा."

"पण 'होता' म्हणायचं तरी 'वास'च. वाक्यात कुठे बसलाय त्यावरून ओळखायचं."

काही गोष्टी तिला लगेच पटल्या. तिकडे मुलीला 'मैशा' म्हणतात आणि शब्द लहानखुरा केला की त्याचं लिंग जातं, म्हणून ती मुलगी नव्हे तर ते मुलगी. काकांना हे विचित्र वाटायचं. मावशी म्हणाली, "आपण तरी काय, ते लेकरू, ते पोरच म्हणतो की." 'ऑमडाट' म्हणजे कारण की, आणि तो शब्द आला की क्रियापद आपल्यासारखंच मुकाट्याने शेवटी जाऊन बसतं, हे कळलं तेव्हा तर तिला कुणी ओळखीचं भेटल्यासारखं झालं. काही गोष्टी मात्र डोक्यावरून जात. नामाआधी 'द' कुठे लावायचं आणि 'हेट' कुठे, याला काही धरबंधच नाही. काका म्हणायचे, "आचाऱ्यालाही विचारलं होतं मी. तो म्हणाला, आईच्या तोंडून ऐकलेलं असतं, तेच बरोबर."

मधे दोनदा मुलीच्या चिठ्ठ्या आल्या. तीन-चार ओळींच्या. एकीत फोटो होता. चष्म्याच्या दुकानात काम करणारी, कपाळ मोठं असलेली एक बाई कुत्र्यापाशी बसलेली. मावशीने तो फोटो आरशाशेजारी धरला आणि बराच वेळ कपाळाला कपाळ लावून पाहिलं. चिठ्ठीची सुरुवात 'बेस्त मफ्राउ' अशी होती, आणि पुढे सगळीकडे 'ऊ'.

"ऊ म्हणजे तुम्ही," काका म्हणाले.

"मान देते," मावशी म्हणाली. तिचा चेहरा उजळला.

 खोटं बोलणं काकांना जमत नसे. "मान असतोच. पण ऊ परक्याला म्हणतात. दुकानात, डॉक्टरला. घरात 'य' म्हणतात बहुतेक, म्हणजे तू. आणि मफ्राउ म्हणजे बाई."

"म्हणजे 'प्रिय बाई' लिहिलंय."

"तिला तरी काय लिहावं ते कुठून कळणार गं? एक आई घरात आहेच की तिच्या."

मावशीने चिठ्ठीची घडी घातली. घडी घालण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. तिने काकांच्या मदतीने उत्तरं लिहिली. मी बरी आहे, मी हॉस्पिटलात काम करते, तुमचा कुत्रा छान आहे. तीही 'ऊ'च लिहायची, पोटच्या पोरीला अहोजाहो करून.

मग काकांचा मोतीबिंदू पिकला. मुलगा दुसऱ्या शहरात होता, तो येऊन त्यांना ऑपरेशनला घेऊन गेला. जाताना काकांनी पुस्तक तिच्या हातात दिलं. "महिनाभराने येतो. अडलं तर थांब. घाई करू नकोस."

ते गेल्यावर नवव्या दिवशी जाड पाकीट आलं. दोन पानं, दोन्ही बाजूंनी लिहिलेली.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मावशीने दार लावलं, टेबल खिडकीशी ओढलं, पुस्तक उघडलं आणि सकाळी नवाला सुरू केलं ते चार वाजेपर्यंत. एकेक शब्द यादीत शोधायचा, पेन्सिलीने वर अर्थ लिहायचा. पहिलं पान जवळजवळ पूर्ण उलगडलं. मुलीला पोहायला आवडतं. तिचं एका माणसाशी जमलं होतं, मोडलं. वडील गेले, आई थकली आहे, आणि आता घर आवरताना तिला स्वतःचे कागद सापडले. त्या कागदांत मावशीसाठी एक लांबलचक शब्द होता, 'आफस्तांट्समूडर'. हा अख्खा शब्द यादीत नव्हता. तिने तो तोडून शोधला. 'मूडर' म्हणजे आई, ते ठाऊक होतं. 'आफस्तांट' म्हणजे अंतर. अंतराची आई. लांबची आई. मावशीने पेन्सिल खाली ठेवली आणि मनाशी म्हणाली, बरोबर आहे. एवढं अंतर आहे, तर लांबचीच म्हणणार.

शेवटच्या पानावर दोन वाक्यं बाकीच्यांपासून वेगळी, मधे ओळ सोडून लिहिलेली होती.

'ऊ स्तॉन्ट मै आफ, तून इक एल्फ दाखन औट वास. हेफ्ट ऊ दार स्पैट फान?'

'स्तॉन्ट' तिला येत होता. 'स्तान' म्हणजे उभं राहणं, त्याचा भूतकाळ. लॉन्ड्रीत सारा जन्म उभ्याने गेल्यामुळे ते क्रियापद तिने पहिल्याच आठवड्यात पाठ केलं होतं. 'मै' म्हणजे मला, माझ्या. 'आफ' यादीत होता: पासून, दूर, खाली. 'एल्फ दाखन' म्हणजे अकरा दिवस. तिने शब्दांवर शब्द ठेवले आणि वाक्य जुळलं.

मी अकरा दिवसांची असताना तुम्ही माझ्यापासून दूर उभ्या होता.

हिला कसं कळलं? कागदांत लिहिलं असेल का कुणी? त्या डच बाईने गाडीच्या मागच्या काचेतून पाहिलं असेल आणि पोरीला सांगितलं असेल, की तुझी आई तिथे लांब, फाटकापाशी उभी होती? म्हणजे कुणीतरी पाहिलं होतं. अठ्ठावीस वर्षं तिला वाटत होतं की ते उभं राहणं तिच्याशिवाय कुणालाच ठाऊक नाही.

दुसरं वाक्य मग सोपं होतं. 'दार' म्हणजे तिथे. 'स्पैट' म्हणजे खंत, वाईट वाटणं. तिथे उभं राहिल्याची तुम्हाला खंत वाटते का?

मावशी रडली, पण ते रडणं सुखाचं होतं. पोर विचारत होती की तिथे थांबल्याचं वाईट वाटतं का. छे, वाईट कसं वाटेल? आयुष्यात तेवढं एकच तर तिने स्वतःच्या मनाने केलं होतं. गाडी गेल्यावर मेट्रनबाई आत ये म्हणत होत्या तरी ती हलली नव्हती.

काकांनी थांब म्हटलं होतं. पण हे उत्तर थांबण्यातलं नव्हतं, आणि आठ महिन्यांत पहिल्यांदा तिला सबंध वाक्य एकटीने कळलं होतं. तिने संध्याकाळी कोरा कागद घेतला. चुकायचं नाही म्हणून वाक्यं अगदी लहान ठेवली. नाही, मला खंत नाही: 'ने, इक हेप खेन स्पैट.' मी फाटकापाशी उभी होते, गाडी जाईपर्यंत. मला आनंद आहे: 'इक बेन ब्लै.' खाली नाव लिहिलं. सोमवारी पाळीला जाताना पोस्टात जाऊन तिने तिकीट लावलं आणि पत्र स्वतःच्या हाताने पेटीत टाकलं. त्या दिवशी रोलरवर ती गुणगुणत होती. बॉयलरवाल्याने विचारलंही, "मावशी, बढती मिळाली काय?"

काका महिन्याने परतले. एका डोळ्यावर अजून हिरवं झापड होतं, वाचायची बंदी होती. मावशी चहा घेऊन गेली आणि म्हणाली, "तुम्ही नुसतं ऐका. सगळं मी एकटीने लावलंय."

ती वाचत गेली. काका मान डोलवत होते, मधेच एखादा उच्चार सुधारत होते. पोहणं, मोडलेलं जमणं, वडील. मग ती त्या सोडलेल्या ओळीशी आली आणि तिने ते वाक्य मोठ्या झोकात म्हटलं.

काकांची मान थांबली.

"पुन्हा वाच."

तिने वाचलं.

"शेवटी आफ आहे? नक्की?"

"आहे ना. पासून, दूर. मी लांब उभी होते काका, हे तिला ठाऊक आहे."

काकांनी चहाचा कप खाली ठेवला.  मग हळूहळू बोलायला लागले, अगदी पहिल्या दिवशीच्या धड्यासारखं.

"मी बोटीवर ताटं धुवायचो ना. इक वास द बोर्डन आफ. त्यातला 'वास' पुढे, आणि 'आफ' पार टोकाला. पण ते दोन शब्द नाहीत गं. क्रियापद एकच, 'आफवासन'. वाक्यात घातलं की त्याचे दोन तुकडे होतात. एक पुढे येतो, एक मागे राहतो. मागचा वाचला नाही तर अर्थ लागत नाही."

"हे शिकवलं नाही तुम्ही."

"नाही शिकवलं. मला हे व्याकरण आहे हेच ठाऊक नव्हतं. मी आपला ऐकून बोलायचो."

"मग हे काय आहे?"

"आफस्तान." काकांनी तो शब्द जोडून म्हटला. "एकदा आमच्या तिसऱ्या अधिकाऱ्याने स्वतःची केबिन एका आजारी खलाशाला दिली. तेव्हा सगळे हाच शब्द बोलत होते. त्यात उभं राहणं कुठेही नाही. आफस्तान म्हणजे देऊन टाकणं. आपला हक्क सोडून दुसऱ्याच्या हवाली करणं. तो लांबलचक शब्दही त्यातलाच असणार. लांबची आई नाही. दिलेली… म्हणजे, देऊन टाकणारी आई."

मावशी पत्राकडे पाहत होती. तिला समजावून सांगायची गरज उरली नव्हती. तिने तेच दोन शब्द पुन्हा जोडले. मी अकरा दिवसांची असताना तुम्ही मला देऊन टाकलंत. तुम्हाला त्याची खंत वाटते का?

"काका," ती म्हणाली, "मी उत्तर पाठवलंय."

"काय लिहिलंस?"

तिने सांगितलं. आधी डचमध्ये, कारण ते पाठ होतं. काकांनी झापडाखाली हात नेला आणि डोळा दाबून धरला. मग तिने तेच मराठीत म्हटलं. नाही, मला खंत नाही. मी फाटकापाशी उभी होते. मला आनंद आहे. बाहेर जिन्यात कुणीतरी सायकल चढवत होतं, तिचा पायऱ्यांवर होणारा आवाज तेवढा येत राहिला.

त्यानंतरचं पत्र दोघांनी मिळून लिहिलं. लिहायला सहा दिवस लागले. काका सांगायचे, ती लिहायची, मग तीच शंका काढायची, आणि काकांना उत्तर येत नसे. 'मला चुकीचं कळलं' हे कसं म्हणायचं? शब्द मिळाला, पण भूतकाळाचं रूप मिळेना. 'रोज खंत वाटते' जमलं. 'मला विचारलंच नव्हतं कुणी' हे जमलं नाही; तीनदा लिहून तीनदा खोडलं. शेवटी 'ऑमडाट' घालून एक वाक्य तयार झालं: मी चूक लिहिलं, कारण मला तुझी भाषा येत नाही. त्यात तिने 'ऊ'च्या जागी 'य' लिहिलं. काकांनी विचारलं, "नक्की?" ती म्हणाली, "आता परकी म्हणून कशाला लिहू?"

पाचव्या आठवड्यात ते पत्र परत आलं. फोडलेलं नव्हतं. वर एक चिकटपट्टी, तिच्यावर छापलेल्या तीन-चार ओळी आणि एका ओळीपुढे निळ्या शाईची खूण. खुणेपुढचा शब्द होता 'खवैखर्ट'. यादीत नव्हता. पण हा नियम मात्र काकांनी शिकवला होता, की घडून गेलेल्या कामाच्या शब्दाला पुढे 'ख' लागतो, तो काढून टाकायचा. तिने तो काढला. उरला 'वैखर्ट', आणि त्याचं मूळ 'वैखरन' यादीत सापडलं. काम नाकारणे, घेण्यास नकार देणे.

या वेळी तिने काकांना विचारलं नाही. अर्थ बरोबर लागला होता.

ती पुन्हा त्या पहिल्या मजल्यावरच्या ऑफिसात गेली. क्लार्कबाईने फाईल काढली, पानं उलटली आणि अवघडून बसली. "तिकडून कळवलंय की मुलीला यापुढे संपर्क नको आहे. तुम्ही लिहिलंत म्हणे की तुम्हाला काही खंत नाही."

"तसं नाही ते. मला वाक्य कळलं नाही."

"पण इथे लिहिलंय की तुम्हाला डच वाचता येतं."

"मी खोटं सांगितलं होतं."

क्लार्कबाईने पेनाचं टोपण काढलं, परत लावलं. "हे मी कसं कळवू? नियमाने आता आम्हाला फक्त एक निरोप पाठवता येतो, तोही तिकडच्या ऑफिसामार्फत. तिला हवा असेल तर ती वाचेल. चार ओळींच्या वर नाही."

मावशी चार ओळी सांगायला लागली. अकरा दिवस, भावाने ठेवलेलं बोट, फाटक, टाकी, लांब उभी राहा म्हणणाऱ्या मेट्रनबाई, मागे राहिलेला 'आफ'. क्लार्कबाई लिहीत होती, मग थांबली. "एवढं नाही बसणार. एकच काहीतरी सांगा."

शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ या वेळी डबा खात नव्हते, पण ऐकत होते. मावशीला आता त्याचं काही वाटलं नाही. ऐकू दे. सगळ्या जगाने ऐकलं तरी चालण्यासारखं होतं, एक आपली पोर सोडून सगळे ऐकत होते. ती म्हणाली, "लिहा, की तुझा प्रश्न मला कळला नव्हता. आता कळलाय. उत्तर हो आहे."

क्लार्कबाईने ते जसंच्या तसं लिहिलं आणि वाचून दाखवलं, या खेपेला हळू आवाजात.

मग वाट पाहणं आलं. लॉन्ड्रीत नवा रोलर आला, जुना गेला. काकांचा दुसरा डोळा झाला. मावशी रोज जिन्यापाशी टपालपेटी उघडून बघायची, आणि बघून झाल्यावर आपण बघितलंच नाही असं दाखवत जिना चढायची. धडे चालू होते. काकांनी एकदा विचारलं, "आता कशाला?" ती म्हणाली, "आता सोडलं तर इतके दिवस उगीच केल्यासारखं होईल." एकदा तिने पुस्तकातली अशी तुटणारी सगळी क्रियापदं शोधून वहीत उतरवली. बावन्न निघाली. त्यांत ते एक नव्हतंच. खलाशांना त्याची गरज पडणार नाही, असं पुस्तक लिहिणाऱ्याला वाटलं असावं.

सात महिन्यांनी एक कार्ड आलं. वर चित्र नाही, कोरं पांढरं. आत दोन वाक्यं. 'इक बख्रैप हेट. इक हेप टैट नोदख.' पहिलं तिला उभ्याउभ्या कळलं: मला समजलं. दुसरं तिने जिन्यातच, कठड्याला टेकून शेवटच्या शब्दापर्यंत वाचलं. 'इक हेप टैट' एवढ्यावर थांबलं तर मला वेळ आहे, असं होतं. 'नोदख' धरलं की मला वेळ हवा आहे.

काकांनी कार्ड डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं. "बरोबर लावलंस. वेळ हवाय."

"किती, ते कळायला काही आहे का यात? एकवचन, अनेकवचन काही?"

"टैट म्हणजे नुसता वेळ. मोजलेला नाही."

"आणि समजलं म्हणते, ते काय समजलं? निरोपातलं, की मी?"

"'हेट' म्हणजे ते. ते समजलं, एवढंच." काकांनी कार्ड परत दिलं. "मला इतकंच येतं गं."

तिने उत्तर लिहिलं नाही. वेळ मागितलेल्या माणसाला पत्र लिहिणं म्हणजे वेळ न देणं, एवढं तिला कळत होतं. शिवाय काय लिहिणार? जे म्हणायचं त्याच्या आड दरवेळी एखादा न दिसलेला शब्द उभा असेल, ही धास्ती आता कायमची बसली होती. आपल्याच भाषेत बोलतानाही ती हल्ली मधेच थांबायची.

त्या वर्षाअखेरीस काका मुलाकडे राहायला गेले. मावशीच्या निवृत्तीला अजून सहा वर्षं होती. रोलरवर तिच्यासमोर एक नवीन बाई आली, चाळिशीची, बोलघेवडी. पहिल्या आठवड्यात चादरी झटकता झटकता तिने स्वतःच्या तीन मुलांची नावं, इयत्ता आणि दुखणी सांगून टाकली. मग सहज विचारलं, "मावशी, तुम्हाला मुलं किती?"

बॉयलरवाला पलीकडे मीटर बघत होता. त्याने मान वर केली. सत्तावीस वर्षांच्या ओळखीत हा प्रश्न त्याने कधी विचारला नव्हता.

"एक मुलगी," मावशी म्हणाली. "परदेशात असते."

"अगं बाई. मग फोनबिन करते का?"

मावशीने चादरीची कड दोन बोटांनी सरळ केली आणि रोलरच्या तोंडाशी लावली. "अजून नाही," ती म्हणाली. "जरा वेळ लागेल म्हणालीय."

"लागणारच. तिकडे कामं फार असतात," ती बाई म्हणाली आणि पुढच्या चादरीची टोकं शोधायला लागली.